ओटो मास्तरांनी सुधारलेलं पान

शेजारचे ओटो मास्तर गेल्याचं सुनेनं फोन ठेवता ठेवता सांगितलं. मी कणीक मळत होते, ती मळून पुरी केली. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांचं काम करून झालं होतं. रडू आलं नाही.

मास्तर जर्मनीचे. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला, शाळेत पोरांना लॅटिन शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांवर लिहायचे. मी चौथी पास. माझी नात नेहा मध्ये बसून त्यांचं मला आणि माझं त्यांना सांगायची, म्हणून एवढं कळलं : एक जुना उतारा गुरूचा की शिष्याचा, असा विद्वानांत वाद होता. तो गुरूचाच, हे मास्तरांनी तरुणपणी पुस्तक लिहून सिद्ध केलं. युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर या शाळामास्तराला मानायचे ते तेवढ्यावरच.

रिटायर झाल्यावर त्यांनी तो उतारा पुन्हा वाचायला घेतला... आणि आपणच चुकलो, हे ध्यानात आलं. दुसऱ्या कुणाच्याही आलं नव्हतं. ‘उतारा शिष्याचा आहे, माझी चूक झाली,’ अशा चिठ्ठ्या टाइप करून ते लायब्ऱ्यांना आणि प्रोफेसरांना पाठवू लागले. हात थरथरायचे, म्हणून घड्या मी घालायचे.

“गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?” मी एकदा विचारलं.

“आजी, ते म्हणतायत,” नेहानं सांगितलं, “मुलांच्या वह्यांवर एवढी वर्षं रेड पेन चालवलं, मग स्वतःची वही कशी सोडू?”

“आणि नाव गेलं म्हणजे?”

मास्तर हसले. “मिसेस देव, घडी सरळ घाला.”

पंधरा दिवसांनी त्यांच्या आठवणीसाठी सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमले. एक मोठे प्रोफेसर ते पुस्तक हातात धरून बोलू लागले. नेहा कानात म्हणाली, “उतारा गुरूचा आहे हे मास्तरांनीच शोधलं, म्हणतायत.”

मी उभी राहिले.

“आजी, सिट डाउन! इट्स अ मेमोरियल!”

“म्हणूनच. सांग त्यांना, ते चुकलेलं आहे. मास्तरांनी स्वतः कळवलंय.”

नेहा लालबुंद झाली, पण तिनं सांगितलं. चिठ्ठी आली होती, प्रोफेसर म्हणाले, पण म्हातारपणी माणसाचा गोंधळ होतो, असं वाटून बाजूला ठेवली.

“म्हातारी मीही आहे,” मी म्हणाले. “वाचून तरी बघायची.”

त्यांनी खरंच वाचली. पुढच्या महिन्यात प्रोफेसर ते पुस्तक घेऊन आमच्या दारात आले, पान उघडून नेहापुढे धरलं. समासात त्यांनी शाईनं लिहिलं होतं : ‘उतारा शिष्याचा. हेही ओटोनंच शोधलं.’