डोळ्यांत तेल घालून

ईडन प्रेरी या अमेरिकन गावातल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, २००३ साली, खोबरेल तेलाची बाटली गोठून दगड झाली. मी ती पातेल्यातल्या पाण्यात उभी करून शेगडीवर ठेवली आणि नागपूरला आईला फोन लावून रडत बसले. पाणी आटलं, प्लास्टिक वितळलं आणि धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारचे म्हातारे गृहस्थ सपाता घालूनच बर्फातून धावत आले. त्यांनी पातेलं उचलून अंगणातल्या बर्फात खुपसलं आणि विचारलं, हे होतं तरी काय? म्हटलं, केसांचं तेल, थंडीनं गोठलं. हे ऐकून त्यांचा चेहरा जो काही खुलला! मला वाटलं, बाप्पा, हा म्हातारा येडाच दिसतो.

येडे नव्हते, पायलट होते. पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ, जिथे रस्ते संपतात आणि नुसती तळी उरतात, तिथे भर हिवाळ्यात विमान नेणारे ते पहिले. चाकांच्या जागी लाकडी पट्ट्या, आणि धावपट्टी म्हणजे गोठलेलं तळं. टपाल, पिठाची पोती, दाढदुखीनं बेजार झालेली माणसं, सगळं न्यायचे. एकदा एक बाळंतीण होऊ घातलेली पोर आणि तिची आई अशा दोघींना घेऊन निघाले, उतरताना प्रवासी तीन! उड्डाणाच्या वहीत काय लिहावं म्हणून अर्धा तास डोकं खाजवत बसले होते म्हणे.

उतरल्याबरोबर ते इंजिनातलं तेल डब्यात काढून घ्यायचे, डबा घरात चुलीजवळ ठेवायचा आणि सकाळी तापवून परत ओतायचं. "गोठल्यावर धावपळ करून काय उपयोग?" मला म्हणाले. "गरम आहे तोवरच घरात आणायचं."

मी त्यांना काका म्हणायला लागले. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, असं सांगितल्यावर म्हणाले, "मला तर भाऊच नव्हता." म्हटलं, आता आहे, नागपूरला.

माझी तेव्हा फार वाईट अवस्था होती. नवरा सकाळी सातला ऑफिसला जायचा, माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि गाडी चालवता येत नव्हती. काकांनी हे ओळखलं आणि मला ड्रायव्हिंग शिकवायला घेतलं. दुकानांसमोरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, तेही बर्फावर! "घसरली तर ब्रेक दाबू नकोस. मागचा भाग जिकडे घसरतोय तिकडेच स्टिअरिंग वळव." मी किंचाळायचे, त्यांच्यावरच चिडायचे. ते मात्र शेजारी टक्क डोळ्यांनी बसलेले. दुसऱ्याच्या हाती गाडी असो की विमान, आयुष्यात कधी डोळा मिटला नाही, असं अभिमानानं सांगायचे. मी म्हटलं, आमच्याकडे याला डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणतात.

"कुठलं तेल? इंजिनचं की तुझं ते केसांचं?"

हसून हसून मी गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यात घातली.

चार वर्षांनी त्यांची नजर गेली. पूर्ण नाही, पण आधी विमान बंद झालं, मग गाडीही. उत्तरेला तळ्याकाठी ठेवलेलं विमान एका तरुण मुलीनं विकत घेतलं. ते आपल्या हातानं तिच्या स्वाधीन करायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पाच तासांचा रस्ता, फेब्रुवारी महिना, नवरा गावाला गेलेला. माझी तर पार्किंगबाहेरच्या बर्फात अजून तंतरायची. पण ज्या माणसानं मला घराबाहेर काढलं, त्याला नाही कसं म्हणणार? पहाटे निघालो. जीव मुठीत धरून गाडी चालवली.

काकांनी विमानाला हात लावला, पंखावरचा बर्फ झाडला आणि आपला तेलाचा जुना डबा त्या मुलीपुढे धरला. ती ओशाळून म्हणाली, हल्ली इंजिन विजेवर गरम करतात. त्यांनी मान हलवली. ती उडाली. आवाज थांबेपर्यंत ते आकाशाकडे बघत राहिले. त्यांना इतक्या लांबचं काही दिसत नव्हतं, मला माहीत होतं. मला त्या मुलीचा भयंकर राग आला. घेतला असता डबा तर काय बिघडलं असतं?

परतताना डबा त्यांच्या मांडीवर होता. बर्फ भुरभुरायला लागला. एका वळणावर गाडी घसरली, मी ब्रेक दाबला नाही, घसरेल तिकडे स्टिअरिंग वळवलं आणि सावरली. आता काहीतरी बोलतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. काका घोरत होते.

मला रडूच कोसळलं. रेडिओ बंद केला, वेग कमी केला. ईडन प्रेरी आली, आमची गल्ली आली, त्यांचं घर आलं. मी थांबले नाही. कॉलनीला आणखी तीन चकरा मारल्या.