जहाजांची बारशी आणि माझा मेव्हणा

लढाऊ जहाजांची नावं माझ्या मेव्हण्याला विचारून ठेवली असती, तर देशात एकही भांडण उरलं नसतं, असं निदान त्याचं स्वतःचं मत आहे. मला विचाराल तर नावांचा एवढा गुंता डोक्यात घेऊन हिंडणारा माणूस नौदलातसुद्धा सापडायचा नाही. आणि हा तर नौदलात कधी नव्हताच. हा रंगारी. हजीऱ्याकडे जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात रिटायर होईपर्यंत मालाचे बार्ज आणि जहाजं ओढणाऱ्या टगांच्या नाकावर नावं रंगवत होता. लढाऊ जहाजाला त्याचा ब्रश एकदाच लागला म्हणतो, तोही नुसत्या राखाडी पट्ट्यापुरता. पण तेवढ्यावर त्याच्या अंगात जे शिरलं ते अजून निघालं नाही. "दाजी, जहाज कोणीपण बांधेल, नाव ठेवायला अक्कल लागते," असं तो आमच्या सुरतेच्या गोडादऱ्यातल्या ओट्यावर मांडी घालून सांगतो आणि मी मान हलवतो. मी चौथी शिकलेला लूमवाला. चाळीस वर्षं मशीनच्या खडखडाटात उभा राहून मला अर्धंच ऐकू येतं, आणि ऐकू येतं त्यातलं अर्धं समजतं. मान हलवायला काय जातं?

बायको होती तेव्हा ती त्याला चहा द्यायची आणि आत जाऊन पदर तोंडाला लावून हसायची. तिचा हा धाकटा भाऊ. त्यानं मला नावांचे नियम शिकवायचा लई प्रयत्न केला. मोठ्या लढाऊ जहाजांना शहरांची नावं, त्याहून लहान असतील त्यांना डोंगरांची नाहीतर नद्यांची, पाणबुड्यांना माशांची. मी विचारलं, "आधीच लोखंडाचं जहाज, त्यावर डोंगराचं नाव घातलं तर बुडायचं नाही का?" तो दोन दिवस आला नाही. मग इंफाळच्या नावाचं जहाज झालं. मी म्हटलं, "तिथून समुद्र किती लांब?" म्हणाला, "तिथं कुठला समुद्र? डोंगरच डोंगर." "मग?" "हेच तर राजकारण, दाजी! ज्याच्या दारात समुद्र नाही त्यालाबी वाटलं पाहिजे ना की आरमार आपलं आहे." मला वाटलं, समजलं. रात्रीपर्यंत परत गेलं.

सुरतेच्या नावाची नौका आरमारात आली तेव्हा तर त्यानं गल्लीभर घारी वाटली. सुरतेची मिठाई ती, तुपातली, साखरेचा थर दिलेली. माझी साखर वाढलेली असताना मलाही खायला लावली. मी विचारलं, "जहाज बांधलं कुठं?" "मुंबईला." "राहणार कुठं?" "समुद्रात." "मग आपण घारी कशाची खातोय?" चिडला की तो आमच्या अहिराणीवर येतो. म्हणाला, "दाजी, तुमले काई समजस नई!" शेजारचे गुजराती काका घारी चघळत बोलले, "पहेला तमे लोको सुरत लूंटी गया, हवे बांधीने पाछुं आपो छो!" आधी लुटलं, आता बांधून परत देताय म्हणे. सगळे हसले. मेव्हणा हसला नाही. नावाच्या बाबतीत तो हसत नाही.

एकदा मला यार्डात घेऊन गेला. जेट्टीला एक जुनं बार्ज लागलेलं होतं, नुकतं रंगवलेलं, वर पांढऱ्या अक्षरात कुठल्यातरी देवीचं नाव. म्हणाला, "हात फिरवा." फिरवला, तर रंगाखाली दुसरीच अक्षरं लागली, उंच उंच, जखमेच्या वणासारखी. त्यानं सांगितलं की जहाजाचं नाव आधी वेल्डिंगनं उठवतात, मग त्यावर रंग देतात. जहाज विकलं की नवा मालक वरून दुसरं नाव रंगवतो, पण खालचं घासायचा कोणी ताप घेत नाही. "इंग्रजांची जहाजं आपण घेतली, त्यांचीबी नावं पुसून आपली घातली. नवं नाव घालतात ते राजकारण." आणि परंपरा? तर लढाऊ जहाज म्हातारं झालं की भंगारात जातं, नाव जात नाही. नाव ठेवून देतात आणि नवं जहाज झालं की त्याला घालतात. विक्रांत गेलं, विक्रांत आलं. निलगिरी गेली, निलगिरी आली. मी विचारलं, "मग ते जुनंच म्हणायचं की नवं?" म्हणाला, "दोन्ही." आता एक वस्तू दोन्ही कशी असेल? पण त्याच्या चेहऱ्यावर अशी खात्री होती की मी मान हलवली.

बायको गेल्याला दीड वर्ष झालं. तिचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही. आमच्या गावाकडे माझ्या वयाची माणसं घेत नसत. घरात शिरताना मी खोकायचो, तिला कळायचं. भाजीत मीठ कमी असलं तर दोनदा खोकायचो. नाव होतं नदीचं. आमच्या खानदेशातून वाहत येऊन या सुरतेतून हजीऱ्याच्या समुद्राला जाऊन मिळते, तीच नदी. त्यामुळे या गावात माझी मोठी पंचाईत. रिक्षावाल्याला मी "नदीच्या पुलावर घे" म्हणायचो. तो विचारायचा, "कई नदी, काका?" मी ओरडायचो, "सुरतेत नद्या किती आहेत रे?" ती शेजारी बसून खिदळायची. स्वतः मात्र मला मदत म्हणून नाव सांगायची नाही.

तिचा दहावा झाला आणि मेव्हण्यानं दिल्लीला पत्रं लिहायला सुरुवात केली. मजकूर एकच: गंगेच्या नावाचं जहाज झालं, गोदावरीच्या नावाचं झालं, आमच्या नदीचं नाव मी अजून कुठल्या जहाजावर वाचलं नाही, तरी विचार व्हावा. दर महिन्याला एक पत्र, आणि पेटीत टाकायच्या आधी मला मोठ्यानं वाचून दाखवणार. वाचताना ते नाव आलं की मी भिंतीकडे बघायचो. तो नदीबद्दल लिहितोय की बहिणीबद्दल, हे मला कधी कळलं नाही. त्याला तरी कळत होतं की नाही, देव जाणे. उत्तर आलं नाही. तो म्हणतो, समिती विचार करते आहे.

मग मला नात झाली. सून माहेराहून बाळ घेऊन आली, बारसं आमच्याकडे ठरलं, आणि मेव्हणा छाती पुढे काढून दारात उभा. "आक्काचं नाव ठेवायचं. जहाज गेलं, नाव राहिलं, नवं जहाज आलं. नियमच आहे." मुलगा म्हणाला, "मामा, राशीचं अक्षर ध आहे." सून हळूच बोलली, "मामा, सासूबाईंच्या नावानं मी हिला रागावू कशी? जिभेवर तरी येईल का?" उधन्याचे व्याही आलेले होते, ते म्हणाले, "शाळेत पोरं नदी म्हणून चिडवतील." त्यांना ध्वनी नाव पसंत. माझ्या मुलीलाही तेच. मेव्हणा म्हणाला, "बघा, इथंबी राजकारण! दिल्लीत असंच होतं." मग माझ्याकडे वळला. "दाजी, तुम्ही बोला."

मी म्हटलं, "नको."

का म्हटलं? दुसऱ्या कोणी तिचं नाव लावून घरात हिंडावं, ते गल्लीभर पोरांनी ओरडावं, हे मला सोसलं नसतं. मेव्हण्यानं हातातला कप खाली ठेवला. म्हणाला, "तुम्ही तिला एकदा तरी हाक मारली का, दाजी? मग राखून कोणासाठी ठेवताय?" चहा तसाच ठेवून निघून गेला. मला राग आला. नंतर राग कोणाचा आला तेच कळेना.

आठ दिवस त्यानं तोंड दाखवलं नाही. बारशाच्या दिवशी मात्र काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली फळी घेऊन हजर. पाळण्याला बांधायची पाटी. वरून चादर तशीच. "नवी नौका पाण्यात सोडताना बाईमाणूस नारळ फोडतं, नावाचा पडदा काढतं. आत्याबाई, या पुढे." त्याला नारळ पाळण्याच्या पायावर फोडायचा होता, सुनेनं हात जोडले तेव्हा उंबऱ्यावर भागवलं. माझ्या मुलीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, चादर ओढली. राखाडी पाटी. व्याही म्हणाले, "अहो, पोरीच्या पाळण्याला हा कसला रंग?" मेव्हणा म्हणाला, "आरमारी." त्यावर पांढऱ्या सुबक अक्षरात ध्वनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीच नको म्हटलं होतं, तेच झालं, तरी मी ती पाटी पुन्हा वाचली, दुसरं काही दिसतंय का म्हणून. म्हणजे मी मनातून वाट बघत होतो? आपलं आपल्याला कळत नाही ते असं.

जेवणं झाली, दुपारी माणसं जागा मिळेल तिथं आडवी झाली. मी पाळण्याची दोरी धरून बसलो होतो. पाळणा थांबवायला पाटीला हात लावला, तर बोटाला काहीतरी उंच लागलं. चष्मा लावून बघितलं, दिसेना. डोळे मिटले आणि लहानपणी धुळाक्षरं गिरवायचो तसं बोट फिरवलं. रंगाखाली दोन अक्षरं होती. ध्वनीची नव्हती.

ओट्यावर मेव्हणा तंबाखू मळत होता. मी म्हटलं, "हे काय केलंस?"

"लाकडावर वेल्डिंग होत नाही, दाजी. पुट्टीनं उठवलं."

"दिसत तर नाही कोणाला."

"दिसायला कशाला पाहिजे? नाव तुमच्या सगळ्यांच्या मनासारखं ठेवलं. खालचं घासायला मला कोणी सांगितलं नव्हतं." आणि त्यानं तोंड रस्त्याकडे फिरवलं. पाठ हलत होती. तंबाखू मळत असेल.

मी आत आलो. बाळ चुळबुळ करत होतं. सवयीनं खोकलो. त्याला काय समजणार त्यातलं? पुन्हा पाटीवर हात ठेवला आणि म्हटलं. हळूच म्हटलं, पण मला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मोठ्यानंच गेलं असावं. कारण बाळानं डोळे उघडले आणि बाहेरून मेव्हण्याचा आवाज आला, "दाजी, कोणाला हाक मारली?"

नदीला, तिला, की नातीला, अजून नक्की सांगता येत नाही. तापी म्हटलं, एवढं खरं.