औटकी विसरली कोणी?

सकाळी साताऱ्याच्या घरी वहिनींचा फोन आला. माझा थोरला भाऊ, विट्याचा अण्णा, सांगलीच्या रुग्णालयात पहाटे हृदय बंद पडून गेला होता. पण वहिनींचे पहिले वाक्य ते नव्हते. "वन्सं, शेवटपत्तुर समद्यास्नी वळखत व्हते," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "पहाटं गेले..." बातमीचा हा क्रम उलटा वाटेल. आमच्या घरात तो तसाच असायला हवा होता. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख.

आमचे वडील, आबा, अखेरच्या काळात सगळे विसरले होते. भरवणाऱ्या अण्णालाच ते विचारत, "तू कुणाचा रं?" अण्णा म्हणे, "तुमचाच, आबा," आणि घास संपला की परसात जाऊन उभा राही. मरणाची भीती त्याला नव्हती. फौजेच्या सिग्नल शाखेत त्याने उमेदीची वर्षे काढली होती. आपणही एक दिवस समोरच्या माणसाला "तू कुणाचा" असे विचारू, हीच एक भीती त्याने मनात धरली होती.

त्या भीतीवर त्याने एक उपाय योजला. अण्णाच्या मेहुण्यांचे दक्षिणेत गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे, दुकान आहे. तिथल्या मुलांनी टाकून दिलेला एक जुना घरगुती संगणक त्याने आणला. यंत्र म्हणजे नुसता जाड कळफलक. तो जुन्या पेटीसारख्या टीव्हीला जोडायचा. बंद केला की त्यातले सगळे पुसले जाई. इतरांना तो दोष वाटला असता. अण्णाला तोच गुण वाटला. "ह्येच्या डोक्यात काय ऱ्हात न्हाई, म्हंजे रोज मलाच भराय लागतंय," तो म्हणे. रोज सकाळी पावकी, निमकी, दिडकी असे शाळेत घोकलेले अपूर्णांकांचे पाढे तो आठवून टंकत असे. सर्वांत शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. टंकताना नजर कळांवर. सगळे भरून झाले की मगच पडद्यावर वाचून पाहायचे. असा तो स्वतःचीच तोंडी परीक्षा घेई.

दोनेक वर्षांपूर्वी वहिनींनी मला बोलावून घेतले. "तुमचे भाऊ कुणाला नावानं हाक मारीनात. ज्येला त्येला गड्या म्हनत्यात." मी विट्याला पोचले. अण्णा ओसरीवर होता. "ये गड्या," तो मला म्हणाला. जन्मभर मला 'सुमे' म्हणणारा हा माणूस! नाव चुकेल या धास्तीने त्याने 'गड्या'चा आडोसा घेतला होता, हे नंतर कळले.

त्याने मला यंत्रासमोर नेले आणि औटकी टंकली. मी त्याच्या बोटांकडे पाहत होते. बोटे बरोबर पडत होती. पडद्यावर मात्र साडेतीनच्या जागी २.४, सातच्या जागी ६, साडेदहाच्या जागी ००.४ आले. "बघ. रोज हीच तऱ्हा," तो म्हणाला. "आबांच्या वाटंला लागलो मी..."

मी विज्ञानाची शिक्षिका. उत्तर चुकले की आधी चुकीची जात पाहायची, ही माझी सवय. मी म्हटले, "अण्णा, माणूस विसरला तर कसाही चुकतो. इथे दोन, चार, शून्य सुखरूप आहेत. फक्त विषम अंक चुकलेत, आणि प्रत्येक अंक एकानेच घटलाय." अशा यंत्रात प्रत्येक अंक ...चार, दोन, एक अशा आठ हिश्श्यांत मोडून आठ चिपांकडे सोपवलेला असतो. त्यांतली शेवटचा 'एक' सांभाळणारी चिप बिघडली, तर तीनाचे दोन होतात आणि पाचाचे चार. सम अंकाकडे तो 'एक' नसतोच, म्हणून तो वाचतो. चिपांच्या रांगा दोन होत्या. आधीचे पाढे पुढच्या रांगेत मावत. औटकी मागच्या रांगेत जाई.

"मला बरं वाटावं म्हनून बोलतीस व्हय बाई?"

"मग पडताळा घेऊ. मागच्या बाकावरून आवाज येतो, पण करतंय कोण ते कळत नाही. अशा वेळी मी काय करते? दोघींच्या जागा बदलते. आवाज कुठे सरकतो ते पाहायचं."

यंत्राची वायर काढली. चिपा सुदैवाने खोबणीत बसवलेल्या होत्या. मागच्या रांगेतली संशयित चिप आणि 'दोन' सांभाळणारी तिची शेजारीण यांची मी अदलाबदल केली. अण्णाने पुन्हा सगळे पाढे टंकले. एकेक कळ बजावून. या वेळी साडेतीनच्या जागी १.५ आले, सातच्या जागी ५, आणि साडेदहा मात्र चक्क बरोबर! आता एकाऐवजी दोन गळत होते; एक, शून्य आणि पाच (चार अधिक एक) यांत तो 'दोन' नसतोच. अण्णाने पडद्यावरचा एकेक अंक बोटाने तपासला. मग हळूच म्हणाला, "चूक सरकली की गं, सुमे." आणि मग घर दणाणेल अशा आवाजात, "शेवंता! आगं शेवंता! ह्ये इसरतंय, मी न्हाई!"

वहिनी पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "आवं, माझ्या नावाची दवंडी पिटताय का गावात?" म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

सांगलीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून तशीच चिप मिळाली. बिघडलेली चिप अण्णाने टीव्हीवर तिच्या इवल्या पायांवर भिंतीकडे तोंड करून उभी केली. "वर्गाभाईर. औटकी पाठ हुईपत्तुर."

त्या एका प्रयोगाने त्याच्या स्मृतीची परीक्षा झाली, असा माझा दावा नाही. चष्मा तो पुढेही विसरतच होता. पण 'गड्या'चा आडोसा सुटला. दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत प्रत्येकाला तो पूर्ण नावाने हाक मारू लागला. रुग्णालयात तर नर्सबाईंच्या माहेरच्या गावासकट. तो जाण्याचे दुःख आहेच. पण ज्याला तो भ्यायला होता, ते त्याच्या वाट्याला आले नाही... हा सुटकेचा निःश्वास मी लपवत नाही.

परवा विट्याला गेले तेव्हा यंत्र सुरू केले. नेहमीप्रमाणे त्याला काहीच आठवत नव्हते. मी पावकीपासून सगळे भरत गेले. औटकी थेट पस्तीसपर्यंत बरोबर आली. वहिनी टीव्ही पुसत होत्या. "वन्सं, हिला आता आत घ्यायची का? लय दीस उभी हाय."

"तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

त्यांनी चिप उचलली, खालची धूळ टिपली आणि पुन्हा तिथेच ठेवली, भिंतीकडे तोंड करून. "न्हाई," त्या म्हणाल्या. "आदी औटकी पाठ हुंदे."