रिकाम्या सीटचा पट्टा

विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडणार असला, की आम्ही शिक्षक विमानातून उतरतो आणि उतरताना आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा घट्ट लावून ठेवतो. मोकळा राहिला, तर तो विमान वळवायच्या दांड्यात अडकायचा.

आज सकाळी धावपट्टीच्या कडेला एक विमान उभं होतं. आत कुणीच नाही, पण उजव्या सीटचा पट्टा लावलेला. मला साने सर आठवले. पुरात अडकलेल्यांना वरून शोधणाऱ्या स्वयंसेवी वैमानिकांना ते दर रविवारी फुकट शिकवायचे. मला म्हणायचे, "अरे, तूही ये ना. चुकतात रे ती पोरं. शेजारी कुणीतरी बसायला हवं."

"बघतो सर," मी म्हणायचो. आठवडाभर शिकवून जीव आंबून जायचा. एक रविवार तेवढा माझा होता, आणि हे काही खोटं नव्हतं.

सर जाऊन वर्ष झालं. त्यांच्या जागी अजून कुणी गेलेलं नाही. त्या स्वयंसेवी वैमानिकांच्या संस्थेचा फॉर्म माझ्या खणात पडून आहे; नाव लिहिलंय, सही केलेली नाही.

दुपारी माझ्या एका विद्यार्थिनीला एकटीला सोडलं. उतरलो, पट्टा लावला, ओढून पाहिला. रिकामी जागा नीट बांधून ठेवणं मला छान जमतं.