सुनावणीत आई काय बोलली

शीतलला, म्हणजे माझ्या बायकोला, माझी नस न् नस ठाऊक आहे असं वाटतं. हे मात्र तिला ठाऊक नाही. कोणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. गेले काही महिने मला एका जागी बसवत नाही, एवढं खरं. मीटिंग चालू असताना मी मध्येच उठून पाणी प्यायला जातो. तहान लागलेली नसते.

हॉकीपासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. बर्फावरची हॉकी. इथे अमेरिकेत, आमच्या अ‍ॅशबर्नपासून थोड्या अंतरावर एक व्यावसायिक टीम होती. मोठ्या लीगमधली नव्हे. खालच्या लीगमध्ये पगारावर खेळणारी आणि नेमाने हरणारी. त्यांचा अरीना, म्हणजे खेळायचं बंदिस्त स्टेडियम, जुन्या गोदामासारखा. छत गळायचं. एकदा बर्फ नीट गोठलाच नाही म्हणून मॅच कॅन्सल केली होती. अरीनाचा मालक करार वाढवायला तयार नव्हता, त्यामुळे टीम नव्या अरीनासाठी जागा शोधत वणवण फिरत होती. एका गावाने नाही म्हटलं. बंद पडलेल्या मॉलची जागा दुसऱ्या कोणी तरी उचलली. शेवटी त्यांनी आमच्या कॉलनीमागची रिकामी जमीन मागितली.

आता आई. बाबा गेल्यावर तिला नागपूरहून इकडे आणलं. शाळा चौथीपर्यंत, पण आमच्या वस्तीत सभा कुठलीही असो — नळाची, वाचनालयाची, जयंतीच्या वर्गणीची — पहिली उभी राहणार ती. बसून मागणाऱ्याला कोणी देत नाही, असं ती म्हणायची. लहानपणी मला याची लाज वाटायची की अभिमान? दोन्ही, बहुतेक. अ‍ॅशबर्नमध्ये तिने उभं राहायचं तरी कुठे? खिडकीतून दिसतं ते गवत, गाड्या आणि कुरिअरवाल्याची पाठ.

माझ्या ऑफिसमधून फुकट तिकिटं मिळाली म्हणून शीतल तिला मॅचला घेऊन गेली. मला वाटलं, थंडीने कुडकुडून अर्ध्यातून परत येतील. आई परत आली ती गाल लाल करून, घसा बसवून. तिला खेळातलं काही कळलं नव्हतं. माणसं कळली होती. खांद्याला खांदा लावून बसलेली, ओरडणारी, पॉपकॉर्नचा डबा अनोळखी बाईपुढे धरणारी माणसं. मग सीझन संपेपर्यंत दर शनिवारी ती तयार — साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर टीमची लोकरी टोपी. दारावरच्या म्हाताऱ्या तिकीट तपासनिसाला ती 'जय भीम' म्हणायची आणि तोही न चुकता 'जे बीम' म्हणायचा. खेळाडू आपटला की आई उभी राहून ओरडायची, "उठ रे पोट्ट्या, उठ!"

इथपर्यंत सांगताना मलाही छान वाटतं. पुढचं टाळावंसं वाटतं.

एका शनिवारी कॅमेरा तिच्यावर थांबला. वरच्या मोठ्या पडद्यावर आई, टोपी, हातवारे, उघडं तोंड. सगळा अरीना हसला, टाळ्या वाजल्या. आईनेही हात हलवला. सोमवारी ऑफिसात एकाने ती क्लिप दाखवली आणि तिची नक्कल केली — उठ, उठ! सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. आणि त्या दिवसापासून मला त्या टीमचा राग यायला लागला. हरणाऱ्या हॉकी टीमचा कोणी राग धरतं का? मी धरला. आईवर धरता येत नव्हता ना.

तेवढ्यात आमच्या गल्लीत अरीनाविरुद्ध वारं सुटलं. ट्रॅफिक, पार्किंग, दारू पिऊन घरी जाणारे लोक. इतकी वर्षं ज्यांनी मला लांबून नुसता हात हलवला होता ते शेजारी दार वाजवून आत येऊ लागले. काउंटीच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारच्या, सुनावणीत मी बोलावं अशी त्यांची इच्छा होती. तुझं बोलणं शांत असतं, एक जण म्हणाला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू — हो म्हणायला मी क्षणभरही वेळ लावला नाही. घरी मात्र आईला आणि शीतलला एवढंच सांगितलं, की अरीनाबद्दल मीटिंग आहे.

आई म्हणाली, मीपण येते. मी बोलणार, तू इंग्रजीत सांग.

तेव्हा सांगता आलं असतं. आई, मी दुसऱ्या बाजूचा आहे — इतकं वाक्य. जिभेवर होतंसुद्धा. पण तिने जयंतीला नेसायची पांढरी साडी काढली होती आणि ती इस्त्री करत होती. शीतल हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती. मी गाडी काढली.

हॉल भरलेला होता. माझं नाव पुकारलं तशी आईही माझ्याबरोबर उठली. पुढे जाऊन तिने माइक स्वतःच खाली ओढला. आणि बोलली. मराठीत, सावकाश, वस्तीच्या सभेत बोलायची तसं.

"मी दिवसभर घरात एकटीच असते. माणूस दिसत नाही. शनिवारी हॉकीले गेली का लोक सरकून मले जागा देतात. माझी भाषा त्यांना येत नाही, तरी देतात. ते पोट्टे रोज हरतात न् रोज उठतात. त्यांना हाकलू नका. आम्हालेबी एकदा जागेवरून उठवलं होतं, मले माहीत आहे कसं वाटते."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. सांग, अशा नजरेने.

पहिलं वाक्य मी खरं सांगितलं. माझी आई म्हणते, ती दिवसभर घरात एकटी असते. आणि त्यानंतर — त्यानंतर मी म्हणालो, ती म्हणते, तिला गर्दीची भीती वाटते. आवाजाने तिची छाती धडधडते. रस्ते भरले आणि अ‍ॅम्ब्युलन्स पोचली नाही तर काय, या काळजीने तिला झोप लागत नाही. हा अरीना होऊ देऊ नका, अशी ती हात जोडून विनंती करते. मी 'हात जोडून' म्हणालो आणि आईकडे पाहून मान हलवली. आईला वाटलं, संपलं, आता नमस्कार करायचा. तिने हात जोडले.

हॉलमध्ये कोणी तरी डोळे पुसले. अध्यक्षबाई पुढे वाकून आईला थँक यू म्हणाल्या. आईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, पटलं यांना.

सगळ्यांना फसवता आलं असं नाही. आमच्याच गल्लीतले एक मराठी काका तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी दोन्ही बोलणी ऐकली, आईचं आणि माझं. बाहेर पार्किंगमध्ये ते जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाले, आई छान बोलल्या हो तुमच्या. त्यांनी कधीच कोणाला काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. मी गेलो. बासुंदी होती, दोनदा वाढून घेतली.

काउंटीने अरीना नाकारला. एका सदस्याने मत देताना 'त्या आजीं'चा उल्लेख केला. टीम आणखी कुठे जागा शोधते आहे असं काही दिवस ऐकू येत होतं, मग ती दुसऱ्या राज्यात गेली आणि मग बंदच पडली. मागच्या जमिनीवर डेटा सेंटर उभं राहिलं. त्याला खिडक्या नाहीत. दिवसभर घुमल्यासारखा आवाज येतो आणि आईला वाटतं, कोणाच्या तरी घरी पंखा चालू राहिला.

निकाल कळला त्या दिवशी तिने विचारलं, "मी उभी राहून बोलली, तरी नाही ऐकलं का रे त्यांनी?"

मी म्हणालो, मोठे लोक कुठे ऐकतात आई. हे दुसरं खोटं, आणि मला तर हेच जास्त वाईट वाटतं. टीम माझ्यामुळेच बुडाली असं मी म्हणत नाही, ती तशीही बुडाली असती कदाचित. पण जन्मभर ज्या एका गोष्टीवर तिचा भरवसा होता, ती मी तिच्या हातून काढून घेतली. या वर्षी इथल्या मंडळींनी जयंतीला तिला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती खुर्चीतून उठली नाही. माझं बोलणं इथे चालत नाही बाप्पा, असं म्हणाली. मी शेजारीच बसलो होतो, हातात चहाचा कप होता.

मला माझ्या शेजाऱ्यांचा व्हायचं होतं आणि माझी आई माझ्या आड येत होती. कारण एवढंच. घराची किंमत, रहदारी, हे सगळं मी मागून जोडलं.

परवा तिला डॉक्टरकडे नेलं. पायात कळ येते. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आईकडेच पाहून विचारलं, फोनवर मराठी दुभाषी मिळेल, बोलवू का? मी आईला विचारलं.

"दुसरा कशाले?" आई म्हणाली. "तूच सांग. तू बराबर सांगतो."

मी डॉक्टरला म्हणालो, दुभाषी नको. मग आई बोलू लागली आणि मी सांगू लागलो.