सातवीचं पुस्तक

लेकीला सातवीत शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा माझ्या अंगात भलताच जोर होता. तिला अक्षरं ओळखता यायची, पण ओळ लागायची नाही. वर्गात वाचायला उभं केलं की ती घामेघूम व्हायची आणि मागच्या बाकांवरून खिदळणं सुरू व्हायचं. त्या शाळेचा विषय निघाला तरी मला अजून चीड येते.

पुस्तकं निवडायला मी आठवडाभर औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत हेलपाटे घातले. सातवीची पुस्तकं तिला झेपेनात. झेपतील अशी होती ती दुसरीची. वाचन शिकवणाऱ्या एका बाईंनीही तेच सांगितलं होतं, "जमतं तिथून सुरू करा, पण तिला विश्वासात घेऊन." मी अर्धंच ऐकलं. दुसरीचं पुस्तक समोर ठेवताच लेकीने ते भिरकावलं. "मी काय बारकी पोरगी आहे का?" म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मी जास्तीचा शहाणपणा केला. पुस्तकातली चित्रं कागदाच्या पट्ट्यांनी झाकली, धड्यांची अक्षरं बारीक करून झेरॉक्स काढायला आणि स्पायरल बायंडिंगला दिले. वर 'इयत्ता सातवी' छापायला सांगितलं. झेरॉक्सवाल्याने पानं चाळली.

"मॅडम, ये तो दुसरी की किताब. मेरे बच्ची की भी यहीच है."

"तुम्ही छापा हो," मी खेकसले.

"छापता मैं. पर बच्चों को मालूम पडताइच है."

घरी येऊन लेकीला सांगितलं, "हे सातवीचं बरं का. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळं काढलंय." तिने वरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

महिन्याभरात ती अख्खा धडा वाचू लागली. खरं तर मी पेढे वाटायला हवे होते, पण मला धडकी भरायला लागली. कारण आता ती म्हणायची, "जूनमध्ये मी परत शाळेत जाणार. सातवीचं येतंय ना मला." तिचे वडील शेंद्र्याच्या कारखान्यातून ड्युटी करून आले की त्यांना ती वाचून दाखवायची. ते कौतुकाने ऐकायचे आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघायचे. "हे अंगाशी येईल," एकदा ते स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगून टाकायचं. मग ती हसत पुस्तक काढायची आणि माझी जीभ रेटायची नाही. दारावरची बेल वाजली की मी आधी खिडकीतून कोण आहे ते बघायचे. तिच्या वर्गातली कुणी खरं पुस्तक घेऊन आली तर?

वर्गातली कुणीच आली नाही. एका रविवारी गावाकडून जाऊबाईंचा फोन आला, दुसरीतल्या मुलीला घेऊन येतेय म्हणून. मी फोन ठेवला आणि आधी ते पुस्तक कपाटावर टाकलं. पाहुण्यांचा चहा होतोय तोवर लेकीने स्टूल लावून ते खाली काढलं.

"काकू, सातवीचा धडा वाचून दाखवू?"

"दाखव की माय."

"बाजारात... भाजीवाली... बसली होती," ती बोट ठेवून वाचू लागली. "तिच्या..."

"तिच्या टोपलीत हिरवी वांगी होती!" फरशीवर खेळणारी जाऊबाईंची धाकटी मान वर न करताच बोलली. लेक थांबली. धाकटीने उरलेला धडा घडाघडा म्हणून टाकला.

"अगं, हा तर हिचाच धडा हाय," जाऊबाई हसल्या. "दुसरीचा. लई घोकती रोज." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी धाकटीला जवळ ओढलं.

पाहुणे गेल्यावर मी लेकीजवळ बसले आणि सगळं कबूल केलं. वाटलं होतं, रडेल, पुस्तक फाडेल. तिने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "आई, मला अजून नीट वाचता येत नाही," म्हणाली. "तू सांगतेस तेच मी खरं धरते." मला इतकी लाज वाटली की तिच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर झाला नाही.

दोन दिवसांनी खाली जिन्यापाशी नळाला पाणी कधी येणार याची चिठ्ठी लागली. आम्ही दोघी बाजारातून येत होतो. मी तिला वाचून दाखवलं, "शुक्रवारी सकाळी." तिने ऐकून घेतलं. मग तळमजल्यावरच्या काकूंचं दार वाजवलं, त्यांना हाताला धरून चिठ्ठीपाशी आणलं आणि माझ्यासमोर विचारलं, "काकू, इथं काय लिहिलंय, तेवढं वाचून सांगता का?"