आत्याचा दोरा आणि माझं तोंड

समस्त रोहेकर आणि पेणकर मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या महिन्यात एका सकाळी मी सलग पाच मिनिटं काहीही बोललो नाही. माझी सून अश्विनी साक्षीला आहे. पेणहून फोन आला होता. सुमनआत्या गेली. पापड लाटता लाटता जरा पाठ टेकते म्हणाली, आणि... माझं तोंड बंद करायला तिने जन्मभर खटपट केली. ते जमलं तेव्हा बघायला ती नव्हती.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पेणला दोन खोल्यांत राहायची, उडदाचे पापड करून विकायची. माझं रोह्याला वह्या-पेनांचं दुकान. गिऱ्हाईक आणि श्रोता यांत मी कधी भेद केला नाही. माझी हुकमी गोष्ट अशी की, मी चार वर्षांचा होईपर्यंत एक अक्षर बोललो नव्हतो, आणि बोललो ते थेट दारावरच्या मासेवालीला, "कालचे बोंबील आज कशाला आणलेस?" ही गोष्ट मी हातवारे करून सांगायचो. हसून हसून माणसं काय घ्यायला आली होती तेच विसरायची.

माझी नात अन्वी दोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती, काही हवं असलं तर बोटही दाखवत नव्हती. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, एकदा दाखवून घ्या. अश्विनीने घाबरून मला विचारलं, आणि मी काय केलं? गोष्ट सांगितली. "आपल्या घराण्यात उशिराच बोलतात गं!" मुलगा कंपनीतून शिफ्ट करून यायचा, तोही हसायचा. दर खेपेला अश्विनी थोडी कमी हसायची, ते मला दिसत होतं. तरी मी सांगत राहिलो.

मग आत्या चार दिवस राहायला आली. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांपुढे माझा प्रयोग रंगात आला असताना स्वयंपाकघरातून ती पळीसकट बाहेर आली. "कोण चार वर्षांचा? मेल्या, वर्षाचा व्हायच्या आत मला हाका मारत होतास! तुला कडेवर घेऊन मीच फिरायचे ना? ती बोंबलाची गोष्ट तुझ्या आईनं पाहुण्यांना हसवायला रचली!" शेजारी हसले. अश्विनी एवढंच म्हणाली, "बाबा, सहा महिने गेले."

दुसऱ्याच दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि अन्वीला घेऊन निघालो. तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. मग कानाची तपासणी. ऐकू नीट येत होतं. मग थेरपी. आम्हाला मिळाली ती पेणला, आठवड्यातून दोन दिवस, तीही यादीत नंबर लागला की. "माझं घर हाय ना पेणात," आत्या म्हणाली, आणि रोज सकाळी पिठाच्या हातांनी केंद्रात जाऊन विचारायला लागली, "आमच्या पोरीचा नंबर आला काय गो?" आला. एसटीत अश्विनी एका हाताने फाईल आणि दुसऱ्याने अन्वीला छातीशी धरून बसायची. मी थेरपिस्ट ताईंना विचारलं, "उशीर झाला का हो?" त्या म्हणाल्या, "आता सुरू करू. किती येईल ते आज नाही सांगता येणार." पुढे म्हणाल्या, "तिला हवी ती वस्तू हातात धरा आणि थांबा. तिने मागेपर्यंत बोलू नका. दोन शब्द जोडून बोलेल त्या दिवशी मला कळवा. घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं?" अश्विनीने, आत्याने आणि मग ताईंनीही माझ्याकडे पाहिलं.

आत्या दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि पिठाच्या वळकटीच्या झरझर लाट्या कापायची. तेलात बुडवलेली कच्ची लाटी अन्वीचा जीव की प्राण. ती तळहातावर धरून आत्या थांबायची. मिनिट जायचं, दोन जायची... मला राहवायचं नाही. "अन्वी, लाटी म्हण, ला..." "शरद्या, गप!" असे कित्येक आठवडे गेले. मग एका दुपारी अन्वीने आत्याचं मनगट ओढलं आणि पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. आत्याने लाटी दिली, पदराने नाक पुसलं आणि मला म्हणाली, "मिरी उडाली. बघतोस काय?"

अन्वी आता साडेतीन वर्षांची आहे. शब्द दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील इतकेच, सगळे सुटे सुटे. आज आलेला शब्द उद्या राहील ना, म्हणून मी सकाळी कान लावून बसतो. आत्या गेल्यावर तर वाटलं, होते तेही जातील...

परवा थेरपीनंतर आत्याच्या खोलीत गेलो. दोरा खिळ्याला तसाच होता. अश्विनीने मूठभर पीठ भिजवलं. मी अंगठ्यात दोरा अडकवून वेड्यावाकड्या लाट्या कापल्या, एक तेलात बुडवली आणि तळहातावर धरून थांबलो. अन्वी समोर बसली. मी थांबलो, देवाशपथ थांबलो. पण त्या खोलीतली शांतता मला सोसेना. "अन्वी, तुला सांगतो, ही आत्या ना, एकदा काय झालं..."

अन्वीने माझं मनगट ओढलं, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि खणखणीत म्हणाली, "आबा, गप!"